रात्रीच्या ओलितासाठी टॉर्च : खोक्यावरचा आकडा आणि पहाटेचा उजेड

हरभरा पाण्यावर आला की पंपाच्या थ्री फेज विजेची पाळी नेमकी रात्रीची निघते, हा विदर्भातल्या ओलिताच्या शेतकऱ्यांचा दरवर्षीचा अनुभव आहे. रात्री दहाला घरून निघालेला माणूस पहाटे चार-पाचपर्यंत दांडातून, धुऱ्यावरून म्हणजे बांधावरून आणि स्प्रिंकलरच्या पाइपांमधून एका टॉर्चच्या भरवशावर फिरत असतो. तेवढ्या वेळात तो स्टार्टरच्या पेटीत हात घालतो, बुजलेले नोझल काडीने मोकळे करतो, पाइपाचा जोड सुटला तर चिखलात बसून तो पुन्हा बसवतो, धुऱ्यावर पाय टाकण्याआधी खाली पाहतो आणि पलीकडच्या तुरीत काही खसफसले की झोत तिकडे वळवतो. या प्रत्येक कामाला वेगळ्या तऱ्हेचा उजेड लागतो. टॉर्च विकत घेताना मात्र आपण एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे ‘किती दूर जाते?’

आमच्याकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि जुनी माणसे अजूनही ‘चोरबत्ती’ म्हणतात. गोंधळ होऊ नये म्हणून या लेखात हातात धरायच्या वस्तूला टॉर्च आणि तिच्या पोटातल्या विजेच्या साठ्याला सेल म्हटले आहे.

आठवडी बाजारात टॉर्च दाखवण्याची एक ठरलेली रीत आहे. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास दुकानदार झोत पाण्याच्या टाकीवर मारतो, टाकीचा पांढरा रंग लख्ख उजळतो आणि गिऱ्हाईक खिशात हात घालते. काही वर्षांपूर्वी मीही अशीच एक टॉर्च आणली. पहिली दहा मिनिटे तिचा उजेड डोळे दिपवणारा होता, अर्ध्या तासात तो पिवळसर नसला तरी निम्म्याहून कमी झाला, आणि मध्यरात्रीनंतर तिच्यापेक्षा मोबाइलचा दिवा बरा होता. त्या रात्रीपासून माझे मत असे बनले आहे की टॉर्चची पारख तिच्या पहिल्या मिनिटावरून करूच नये. ती पहाटे तीन वाजता काय दाखवते आणि किती खरे दाखवते, यावरून करावी. असे का, हे समजायला थोडे भौतिकशास्त्र लागते, पण ते ओलित करणाऱ्याला परके नाही.

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा लुमेनचा असतो. टॉर्चमधून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे ते माप आहे, म्हणजे पंप एकूण किती पाणी फेकतो असे विचारण्यासारखे आहे. तेच पाणी दांडात सोडले तर पसरते आणि नोझलमधून काढले तर लांब जाते. प्रकाशाची ही एका दिशेला असलेली धार कँडेला या एककात मोजतात. म्हणून ३०० लुमेनची टॉर्च १००० लुमेनच्या टॉर्चपेक्षा दूरचे झाड अधिक स्पष्ट दाखवू शकते, आणि त्यात कोणाची फसवणूक नसते. फसवणूक असते ती खोक्यावरच्या अंतराच्या आकड्याबद्दल आपण करून घेतलेल्या समजुतीत.

तो आकडा कसा काढतात ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत २००९ साली टॉर्चसाठी एफएल-१ नावाचे मानक तयार झाले आणि आज चांगले उत्पादक त्यानुसारच आकडे देतात. त्या मानकात झोताचे अंतर म्हणजे जिथे प्रकाश ०.२५ लक्सपर्यंत (लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे एकक) क्षीण होतो ते अंतर, आणि ०.२५ लक्स म्हणजे साधारणपणे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, या नियमाने कँडेलाचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की ते अंतर मीटरमध्ये मिळते. १०,००० कँडेलाच्या टॉर्चचे अंतर २०० मीटर निघते, पण त्या २०० मीटरवर उभे असलेले जनावर तुम्हाला चांदण्यात दिसेल तितकेच दिसणार आहे, तेही काळ्या जमिनीच्या पार्श्वभूमीवर. १०० मीटरवर तोच उजेड १ लक्स असतो आणि ५० मीटरवर ४ लक्स. जनावर आहे की झुडूप एवढाच प्रश्न असेल तर पहिले अंतर चालेल. रोही (नीलगाय) आहे की शेजाऱ्याची सुटलेली गाय, हे ठरवायचे असेल तर खोक्यावरच्या अंतराचा चौथा हिस्साच खरा धरावा, असा माझा हिशेब आहे.

हा आकडा घरी पडताळता येतो. मोबाइलवर लक्स मोजणारी अॅप मिळतात. ती प्रयोगशाळेइतकी अचूक नसली तरी दोन टॉर्चची तुलना करायला पुरेशी असतात. अंधारात पाच मीटरवर मोबाइल ठेवून झोताचा मधला भाग त्याच्या सेन्सरवर आणावा आणि आलेल्या लक्सला अंतराच्या वर्गाने, म्हणजे २५ने गुणावे. ४०० लक्स आले तर १०,००० कँडेला. शाळकरी पोराला हा हिशेब करायला सांगितला तर त्याला वर्गमूळ कशासाठी शिकवतात तेही कळते.

धार कशाने येते? प्रकाशाचा उगम जितका लहान आणि जितका प्रखर, आणि त्यामागची वाटी म्हणजे रिफ्लेक्टर जितका रुंद, तितकी धार तीव्र. म्हणून लांब पल्ल्याच्या टॉर्चचे डोके मोठे असते, आणि बोटाएवढ्या टॉर्चवर कोणी अर्ध्या किलोमीटरचा दावा छापला तर तो वाचून पुढे जावे. वाटी आरशासारखी गुळगुळीत असेल तर मधला ठिपका टोकदार येतो. संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत असेल तर ठिपका थोडा विरघळून भोवतीच्या उजेडात मिसळतो. डोके मागेपुढे सरकवून झोत बारीक-मोठा करणाऱ्या ‘झूम’ टॉर्च बाजारात लोकप्रिय आहेत. पण झोत बारीक केला की त्यातला बराच प्रकाश टॉर्चच्या आतल्या भिंतींवरच खर्च होतो, भोवतीचा उजेड पार नाहीसा होतो, आणि सरकत्या फटीतून धूळ व पाणी आत जाते. शेतावर चालणाऱ्याला भोवतीच्या त्या फिकट फेराची गरज मधल्या ठिपक्यापेक्षा जास्त असते, कारण ठिपका तो पाहतो आहे तिथे असतो आणि पाय मात्र फेरात पडतात.

इथे जनावरांच्या डोळ्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण ‘डोळे चमकले की जनावर कळते’ हा विश्वास अर्धाच खरा आहे. वाघ, बिबट, कुत्रे, मांजर, गाय, रोही, चितळ यांच्या डोळ्यांत पडद्यामागे टॅपेटम नावाचा चकाकता थर असतो. आत आलेला प्रकाश तो थर आल्या वाटेने परत फेकतो आणि त्यामुळे मंद झोतातही त्यांचे डोळे शंभर पावलांवरून दिव्यासारखे दिसतात. रानडुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो. सापाच्या डोळ्यांतही तसली चमक नसते. म्हणजे हरभऱ्याचे आणि भुईमुगाचे सर्वांत जास्त नुकसान करणारे जनावर आणि धुऱ्यावर जिवाला सर्वांत जवळचा धोका असलेला प्राणी, हे दोन्ही नुसत्या चमकेवरून सापडत नाहीत. त्यांचे अंग दिसावे लागते, आणि अंग दिसायला धारेइतकाच रंग लागतो.

रंगाचा संबंध एलईडीच्या घडणीशी आहे. पांढरा प्रकाश देणारी एलईडी मुळात निळी असते. ही निळी एलईडी साधायला अनेक वर्षे लागली आणि त्या कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा लेप देतात, तो काही निळा प्रकाश शोषून पिवळा प्रकाश सोडतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे भासते. लेप पातळ किंवा स्वस्त असेल तर त्या पांढऱ्यात लाल रंगाचा अंश फारच थोडा राहतो. लुमेनचा आकडा त्याने वाढतो, कारण आपल्या डोळ्याची संवेदना हिरव्या-पिवळ्याला सर्वाधिक असते, परंतु तपकिरी, तांबूस आणि मातकट रंग एकमेकांत मिसळून राखाडी दिसू लागतात. सागाच्या वाळल्या पानांत बसलेली घोणस तपकिरी असते आणि तिच्या पाठीवर गडद ठिपक्यांची साखळी असते. पाने आणि साप यांचा तपकिरी रंग वेगळा दिसला तर ती साखळी नजरेत भरते, नाही तर तो पाचोळाच वाटतो. मण्यारीचे काळे चकचकीत अंग आणि त्यावरचे पांढरे पट्टे ओल्या काळ्या मातीवर दिसायला हरकत नसावी असे वाटते, पण ओली रेगडी जवळजवळ सगळा उजेड गिळते, आणि ज्या टॉर्चने मुरमाच्या पांदणीवर दिवस उजाडल्यासारखा वाटतो तीच वावरात शिरल्यावर कमी पडल्यासारखी वाटते.

रंग किती खरा दिसतो याचे माप सीआरआय या नावाने देतात. सूर्यप्रकाशाचे १०० धरले तर स्वस्त टॉर्चचे ७०च्या आसपास असते आणि चांगल्या एलईडीचे ९० किंवा अधिक. त्याच्या जोडीला केल्व्हिनमध्ये रंगछटा दिलेली असते. ६५०० केल्व्हिनचा उजेड निळसर पांढरा आणि ३००० केल्व्हिनचा जुन्या बल्बसारखा पिवळट. माझी पसंती ४००० ते ५००० केल्व्हिनच्या मधल्या उजेडाला आहे, कारण त्यात माती मातीसारखी दिसते आणि निळसर उजेडाच्या मानाने किडेही थोडे कमी झेपावतात. सीआरआय ९०ची टॉर्च घेतली तर तेवढ्याच विजेत काही लुमेन कमी मिळतात. तो सौदा मी डोळे मिटून करीन.

आता पुन्हा वेळेकडे. टॉर्चला अमेरिकी इंग्रजीत ‘फ्लॅशलाइट’ म्हणतात त्यामागचे कारणही वेळेचेच आहे. डेव्हिड मिसेल यांना नळीच्या आकाराच्या टॉर्चचे अमेरिकी पेटंट १८९९ साली मिळाले. त्या काळचे सेल आणि कार्बनच्या तारेचे बल्ब इतके दुबळे होते की उजेड थोडा वेळच लावून विझवावा लागे, सेलला श्वास घेऊ द्यावा लागे. आपल्याकडेही तीन सेलच्या पत्र्याच्या टॉर्चचे उतरलेले सेल अंगणात उन्हात ठेवायची रीत होती, आणि त्यात तथ्य होते: विश्रांती आणि ऊब मिळाली की त्या जस्त-कार्बन सेलमधली रासायनिक क्रिया थोडी सावरते आणि एखाद्या रात्रीपुरता उजेड निघतो. ज्यांनी ती सवय आजच्या लिथियम सेलला लावली असेल त्यांनी मात्र ती ताबडतोब सोडावी.

आजच्या बहुतेक बऱ्या टॉर्चमध्ये १८६५० नावाचा सेल असतो. नावातच त्याचे माप आहे, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. या आकारात चांगल्यात चांगला सेल सुमारे ३५०० मिलिअँपिअर-तास साठवतो. माझ्या त्या बाजारच्या टॉर्चमधल्या सेलवर ९९०० छापले होते. शंका आली म्हणून मी तो किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर ठेवला, तर २८ ग्रॅम भरला. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून निघालेला त्याच मापाचा सेल त्याच काट्यावर ४६ ग्रॅम भरला. खरा १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे असतो, आणि आकडा जवळजवळ तिप्पट असलेला सेल वजनाने इतका हलका कसा, याचे उत्तर दुकानदाराकडे नव्हते.

खऱ्या सेलचाही हिशेब करून पाहावा. ३.६ व्होल्टला ३५०० मिलिअँपिअर-तास म्हणजे सुमारे १२.६ वॅट-तास ऊर्जा. एलईडी आणि तिची सर्किट मिळून एका वॅटला ढोबळ १०० लुमेन देतात असे धरले तर १००० लुमेनला १० वॅट लागतील आणि सेल तास-सव्वा तासात रिकामा होईल. १५० लुमेनला दीड वॅट लागेल आणि तोच सेल आठ तास पुरेल, म्हणजे ओलिताची अख्खी रात्र. एका सेलवर ३००० लुमेन आणि आठ तास, हे दोन्ही एकाच खोक्यावर छापलेले असेल तर ते दोन वेगवेगळ्या रात्रींचे आकडे आहेत.

छपाईतली ही गंमत मानकाच्या चौकटीतही बसते. एफएल-१ मध्ये लुमेन टॉर्च लावल्यानंतर साधारण अर्ध्या मिनिटाने मोजतात, आणि चालण्याचा वेळ उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत मोजतात. त्यामुळे दोन मिनिटे झगझगीत आणि पुढचे तीन तास मिणमिणती असलेली टॉर्चही ‘तीन तास’ असे छापू शकते. ती मिणमिणते याला सेलइतकीच उष्णता जबाबदार असते. एलईडीला दिलेल्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग उष्णता होतो, आणि ती चिपच्या पाठीमागच्या तांब्याच्या पट्टीतून अॅल्युमिनियमच्या अंगात व तिथून हवेत किंवा तुमच्या हातात गेली नाही, तर चिप जळते. म्हणून समजूतदार टॉर्च तापली की स्वतःच उजेड कमी करते. हाताच्या तळव्यात मावणारी टॉर्च सलग पेलू शकते तो उजेड काहीशे लुमेनचाच असतो. त्यापुढचा आकडा थोड्या वेळाची उसनवारी असते. परीक्षण वाचताना म्हणूनच लुमेनच्या आकड्याऐवजी वेळेनुसार उजेड कसा उतरत गेला त्याचा आलेख शोधावा. तो तासन्‌तास सपाट जाऊन शेवटी एकदम खाली आला असेल, तर आत विद्युतप्रवाह स्थिर राखणारी चांगली सर्किट आहे. पहिल्या मिनिटापासून घसरगुंडी असेल तर सेल थेट एलईडीला जोडलेला आहे.

स्वस्त सर्किटची आणखी एक खूण शेतातच दिसते. उजेड कमी करण्यासाठी ती एलईडीला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करते. नुसत्या डोळ्याला हे कळत नाही, पण चालत्या स्प्रिंकलरच्या फवाऱ्यावर झोत धरा: पाण्याची धार सलग न दिसता मण्यांच्या माळेसारखी तुटक दिसली तर समजावे. रात्रभर अशा उजेडात काम केले की काहींचे डोके चढते.

कमी उजेडाची पायरी ही मला टॉर्चमधली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट वाटते. आपला डोळा अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे घेतो आणि तो सराव एका क्षणाच्या लख्ख उजेडाने मोडतो. स्टार्टरच्या पेटीत फ्यूज पाहायला ५ लुमेन पुरेसे असतात. तिथे ८०० लुमेन पेटले तर पेटीच्या पत्र्यावरून परतलेल्या उजेडाने डोळे दिपतात आणि मागे वळल्यावर धुरा दिसत नाही. म्हणून बटण दाबताच टॉर्च सर्वांत मंद उजेडात लागावी, किंवा मागच्या वेळी ठेवलेला उजेड तिने लक्षात ठेवावा. प्रत्येक वेळी झगझगीत, मध्यम, मंद आणि मग पोलिसांच्या दिव्यासारखी लुकलुक, अशी फेरी पुरी केल्याशिवाय बंद न होणारी टॉर्च ज्याने घडवली तो कधी रात्री वावरात गेला नसावा.

पाण्यापासून संरक्षण आयपी या अक्षरांपुढच्या अंकांत सांगितलेले असते. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ‘एक्स’ हा धुळीच्या अंकाच्या जागी असतो आणि धुळीची चाचणी नोंदवलेली नाही एवढेच तो सांगतो. दांडात पडलेली टॉर्च वाचते ती आट्यांवरच्या रबरी कड्याने, आणि ते कडे वर्षातून एक-दोनदा पुसून सिलिकॉन ग्रीसचा बोटभर हात फिरवल्याशिवाय टिकत नाही. चार्जिंगच्या छिद्रावरची रबरी चकती चिखलाने भरली की नीट बसत नाही, म्हणून सेल बाहेर काढून चार्ज करता येईल अशी टॉर्च मी अधिक भरवशाची मानतो. शिवाय सेल मेला तर टॉर्च फेकावी लागत नाही. मोठ्या प्लास्टिकच्या रिचार्जेबल टॉर्चमध्ये अजूनही ४ व्होल्टचा शिसे-आम्लाचा सेल असतो, आणि तो उतरलेल्या अवस्थेत पावसाळाभर कोनाड्यात पडला तर त्याच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार कडक होऊन बसतात. दिवाळीला लावून पाहावे तर पाच मिनिटांत विझतो. लिथियमचा शत्रू आपला मे महिना आहे. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी टिनाच्या झोपडीत किंवा ट्रॅक्टरच्या सीटवर पूर्ण भरलेला सेल ठेवला तर त्याचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि त्या तापमानात तो चार्ज करणे तर धोक्याचेच. चार्जिंग रात्री किंवा पहाटे, घरातल्या थंड फरशीवर करावे.

डोक्याला बांधायच्या टॉर्चने दोन्ही हात मोकळे राहतात, पाइप जोडताना तिच्यासारखे सुख नाही. पण तिचा उजेड डोळ्यांच्याच रेषेतून जातो, त्यामुळे जमिनीवरच्या वस्तूंच्या सावल्या त्या वस्तूंच्याच मागे दडतात, खाचखळगे सपाट दिसतात, आणि धुके असेल तर समोर पांढरी भिंत उभी राहते. हातातली टॉर्च कमरेखाली धरून उजेड जमिनीला घासत नेला की ढेकळाची, पावलाच्या ठशाची, सळसळणाऱ्या अंगाची सावली लांब पडते. उलट, लांबवर जनावराचे डोळे शोधायचे असतील तर टॉर्च कानाजवळ धरावी, कारण टॅपेटम प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतो आणि तो पकडायला आपला डोळा त्याच वाटेवर हवा. मी अलीकडे दोन्ही नेतो: डोक्याला मंद पिवळसर, हातात धारेची. सदऱ्याच्या खिशात एका पेन्सिल सेलवर चालणारी छोटी टॉर्चही असते, आणि ती शेपटाकडून अर्धा आटा सैल करून ठेवलेली असते, म्हणजे खिशात दाबली गेली तरी लागत नाही.